मोजणी

आमच्या मिरजेत लोक उतरतात
हातात एक्स-रेची पिशवी घेऊन.
विजापूरचे, बेळगावचे, कुठकुठले.
स्टेशनवरचा रिक्षावाला आधी आजार विचारतो,
मग दवाखाना सांगतो.
अशा गावातून सुवार्ता निघाली बँकॉकला,
ओठ नीट करून घ्यायला.

मोबाइल माझ्यापुढं धरला. पॅकेज होतं.
विमान, हॉटेल, ऑपरेशन
आणि एक संध्याकाळ नदीतून बोट.
मी म्हटलं, बोट राहू दे.
भूल कोण देणार?
तिला ठाऊक नव्हतं.
सर्जनचा हसरा फोटो होता,
भूल देणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

चौतीस वर्षं मी थिएटरात उभी होते.
माणूस झोपला की त्याच्या बाजूनं बोलणारं
कुणी उरत नाही,
म्हणून आम्ही मोजायचो.
आधी मोजायचो, शिवण्याआधी पुन्हा मोजायचो.
गॉज, सुया, चिमटे.
एक कमी भरला तर मोठ्यातला मोठा डॉक्टर
हात वर धरून थांबायचा.

तसंच मोजायला बसवलं तिला,
जेवणाच्या टेबलावर, वहीच्या मागच्या पानावर.
विचार, रात्री दोनला रक्त आलं तर फोन कुणाला.
विचार, हुकलं काही तर दुरुस्तीचे पैसे कुणाचे.
परतीचं तिकीट पाचव्या दिवसाचं होतं,
ते मी फिरवायला लावलं. चौदाव्यावर.
चार हजार गेले. जाऊ देत.
पोटरी दुखली तर चालून दुखली असेल
असं म्हणून झोपू नको.
आणि काय कापलं, काय शिवलं, कुठलं औषध दिलं,
सगळं लिहून आण त्यांच्या सहीनं.
इथला डॉक्टर काय नुसतं तोंड बघून ओळखणार?

ती हसली. हसली की
डावीकडं ओठ जरा वर ओढला जातो.
तेवढंच.
तेही चांगल्या उजेडात, बघायचंच ठरवलं तर.

शेजारी मकबूलभाई सितारी करतात.
भिजत घातलेल्या भोपळ्याला
वेळ झाल्याशिवाय हात लावत नाहीत.
घाई केली की तडकतो, म्हणतात,
मग लाख भरा, पॉलिश करा,
सूर चहाडी करतोच.
हे मी सुवार्ताला सांगितलं नाही.
ती भोपळा नाही.

इथंच का नाही, शेवटी विचारलंच.
पुण्यात, नाहीतर इथं, चार पावलांवर.
वहीकडं बघतच ती म्हणाली,
इथं सगळ्यांना माझा ओठ माहीत आहे, मावशी.
तिथं मी नुसती पेशंट.

यावर माझ्याकडं काही नव्हतं.
कारण तो ओठ सगळ्यांत जास्त मलाच माहीत.
साडेचार किलोची होईपर्यंत थांबलो होतो आम्ही.
चमच्या-चमच्यानं दूध पाजून
माझी बहीण तिला रोज काट्यावर ठेवायची.
त्या सकाळी टाके सरांनी घातले,
धागा मी कापला.
प्रत्येक.
भाची आहे, हे थिएटरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सहावा दिवस. फोटो आला.
सूज आहे. नाकपुडी लाल.
खाली, मी न विचारताच,
भूल देणाऱ्या बाईंचं नाव लिहिलेलं.
मला ते उच्चारता येईना, तरी दोनदा वाचलं.
मग दोन बोटांनी फोटो मोठा केला
आणि टाके मोजले.

अकरा.
बारीक, सारख्या अंतरावर, आमच्याहून सुबक.
आमचे सात होते.

चौदावा उजाडायला अजून आठ दिवस.
छान झालंय असं लिहिलं, पुसलं.
पोटरी कशी आहे,
एवढंच पाठवलं.