फुफाटा

रात्रपाळीला मी काचेच्या केबिनमध्ये बसते.
खाली बंकर, त्यात शेफिल्डचा अख्खा आठवडा:
गाद्या, डायपर, नाताळाची वाकडी झाडं,
एक गुलाबी घोडा, पोटातला कापूस बाहेर.
मी पंजा सोडते. सहा बोटांचा, लोखंडी.
उचलते, झुलवते, पुन्हा सोडते.
ओलं-सुकं एकजीव व्हायला हवं,
नाहीतर भट्टीला अपचन होतं.

एकदा माझीच पिशवी दिसली,
निळ्या पट्ट्यांची. भेंड्यांचे देठ, कुकरची झिजलेली रिंग.
मी ओळख दिली नाही.
तासाभरात तिची वाफ झाली, वाफेनं पाणी तापलं,
रस्त्याखालच्या पाइपातून ते आमच्याच इमारतीत चढलं,
आणि सकाळी रेडिएटरवर
माझ्या देठांनी माझेच मोजे वाळवले.
सुंठीवाचून खोकला गेला,
असं वाटलं तेव्हा.

शेजारच्या डोरीनबाई ब्याऐंशीच्या,
पोलादाच्या दिवसांत वाढलेल्या.
म्हणतात, "आमच्या वेळी दोरीवरची चादर काळी व्हायची.
धूर दिसायचा तरी. तुझा दिसत नाही."
मी म्हणते, फिल्टर आहेत,
फलकावरचे आकडे हिरवे आहेत, मर्यादेच्या आत.
"कुणाची गं मर्यादा? चिमणीची, की छातीची?"
इनहेलर त्या किटलीशेजारीच ठेवतात.

जड राख रस्त्यांच्या पोटात जाते.
हलकी, विषारी, ती बंद टँकरमधून
चेशायरला, मिठाच्या खाणीत.
राखेनं आता मिठाला जागावं, एवढीच अपेक्षा.
किती वर्षं, ते पावतीवर नसतं.
पावतीवर माझी सही असते.

मार्चमध्ये बंकरचा तळ दिसला.
शाळेतल्या पोरांनी वर्गीकरण फारच मनावर घेतलेलं,
माणसं कमी टाकू लागलेली.
मला आनंद व्हायला हवा होता.
पिंडरसाहेब वर आले, हातात करार:
इतके टन, दरवर्षी, पंचवीस वर्षं.
"भट्टी उपाशी ठेवता येत नाही."
मग लांबच्या गावांहून ट्रक आले,
रांगेत, डिझेल ओकत,
आमच्या चांगुलपणाची भरपाई करायला.

आज पहाटे परतले. छपरांवर दहिवर गोठलेलं,
चिमणीला पांढरी शेपटी. वाफच असते ती, बहुतेक.
डोरीनबाई जिन्यात उभ्या,
हातात दह्याचा डबा, स्वच्छ धुतलेला.
"हा कुठल्या पेटीत टाकू?"
नऊ वर्षं पंजा चालवतेय मी.
म्हटलं, द्या इकडे.

अजून तो माझ्या हातात आहे.
रेडिएटर गरम आहे.
पाठ शेकत उभी आहे मी.