ओठांपुरती जागा

राजमणी बत्तुलबाईंना तीन तास
एकाच डिस्कवर हवे होते.
मुलीचं लग्न, नातवाचं बारसं,
आणि शेवटी अकरा मिनिटं कारखाना,
साखर पेठेतला, आठ मागांचा,
भंगारवाला येण्याच्या आदल्या दिवशीचा.
मीच काढलेला.
बालय्या मधल्या बोळात उभे,
मिशीवर कापसाची भुकटी,
माझ्याकडे बघून काहीतरी बोलतायत.

आता माग नाहीत. बालय्याही नाहीत.
टेप आहे.

संगणक विचारतो, आवाज कसा ठेवू?
यादी उघडते. मी चहा बाजूला सरकवतो.
पीसीएम म्हणजे आला तसा, घडी न घालता,
पण तीन तासांना जवळजवळ निम्मी डिस्क खातो.
एमपी-टू हलका, मात्र कन्ना चौकातून घेतलेले
स्वस्तातले काही प्लेअर त्याच्यापुढे मुके होतात.
एसी-थ्री पाव जीबीत बसतो.
मोठ्या आवाजाखाली जो बारका आवाज दबतो
तो कुणाला ऐकूच येत नाही, असं धरून
तो गाळून टाकतो.

इथं मी थांबलो.
आठ मागांखाली दबलेला बारका आवाज
म्हणजे बालय्याच की.

पीसीएमवर टिचकी मारली.
पहिली डिस्क लाइट गेल्यामुळं वाया,
दुसरी पहाटे बाहेर आली, गरम,
तव्यावरून काढल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी बाई परत.
डिस्क शेंगाचटणीच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली.
"आवाज लई झ्याक हाय. शेजारीण म्हणली,
माग परत चालू केले काय?
पण ते काय बोलतात ते दिसत नाय."

दिसत नाही?
मी दुकानातला टीव्ही लावला.
निम्मी जागा आवाजाला देऊन
उरलेल्या निम्म्यात बालय्यांचा चेहरा मावला नव्हता.
तोंडाच्या जागी पाच-सहा चौकोन
उसवल्यासारखे हलत होते.

"एकतीस वर्षं त्या खडखडाटात," बाई म्हणाल्या,
"कानानं कोण बोलतंय?
बॉबिन संपली, मालक आला, पोरगी पास झाली,
सगळं तोंडाकडं बघूनच."

मग एसी-थ्री. एकशे ब्याण्णव.
वाचलेली सगळी जागा चित्राला.
बाई स्टुलावर बसून राहिल्या, दोनदा पाणी प्यायल्या,
माझ्या पोराला कुठल्या शाळेत घातलाय ते विचारलं.
डिस्क लावली. कारखाना आला.
"आवाज बंद कर जरा," म्हणाल्या,
"मध्ये मध्ये येतोय."

बंद केला.
आठ माग गप्प धावत होते.
बालय्यांचे ओठ आता ओठ होते,
वरचा जरा तुटका.
बाईंचेही त्यांच्याबरोबर हलले, आधी तेलुगूत,
मग माझ्यासाठी मराठीत:
"म्हणतात, पोरा मागं सर,
पट्ट्यात सदरा जाईल."

कुणाला म्हणतात?
"तुलाच की. दुसरं कोण होतं तिथं?"

मला आठवतं, मी हसून मान डोलावली होती.
वाटलं, चादरीच्या नक्षीबद्दल काही सांगतायत.

नवव्या मिनिटाला चित्र जोरात हलतं.
माझाच हात चुकला समजून
मी तो तुकडा कापणार होतो.
बाईंनी बोट दाखवलं.
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक तळवा
क्षणभर येतो,
आणि सगळा कारखाना
दोन पावलं मागे जातो.