बिनकामाच्या वस्तू

उद्यमबागेत भरमा दिवसभर
पंपाचे जॉब ओततो,
एकासारखा एक, मोजून एकशे चाळीस.
एखाद्यात बुडबुडा निघाला
की सुपरवायझर खडूनं फुली मारतो.
घरी येतो तो नखांत काळी वाळू घेऊन,
आणि त्याच नखांनी जेवणानंतर
समृद्धीला कागदाचा खेकडा करून देतो.
ती मोजते. बाबा, दोन पाय राहिले.
तो म्हणतो, मार्कंडेयच्या काठचा हाय गा ह्यो,
असाच असतोय.

टीव्हीवरच्या फळीवर जागा उरलेली नाही.
वडगावच्या मागावरनं मागून आणलेल्या
रिकाम्या कांड्यांची आगगाडी,
करवंटीचं कासव,
मी शिवलेली चिंध्यांची बाई, जिला अजून तोंड सुचलेलं नाही.
पाहुणे विचारतात, ह्याचं करायचं काय?
मी म्हणते, पुसायचं.

रविवारी एका स्कूटरवर चौघं, खानापूरला.
मच्छेपाशी क्लचची वायर तुटली.
भरमा खाली बसला,
आणि निंगूनं तेवढ्यात
समोरच्या दुकानाची अख्खी पाटी
वहीत उतरवली.
आई, कानडी ठ-ला डोळा आहे बघ,
वर भुवई पण.
आपला ठ नुसताच लोंबकळतोय.
मी पाहिलं. खरंच, पाटीतनं
कोणीतरी आमच्याकडं बघत होतं.
इतकी वर्षं ह्या रस्त्यानं जाते मी.

शिवक्काच्या अंगणात लाल माती,
मलप्रभेच्या काठची, ओल्या पोत्याखाली.
निंगूनं घुबड घेतलं करायला,
दोन डोळ्यांच्या जागी दोन ठ,
आणि लगेच म्हणाला, भाजा.
शिवक्का हसली,
मण्णिगे अवसर इल्ला, म्हणाली.
मी चंदगडची, माझं कानडी लग्नानंतरचं.
मला वाटलं, मातीला अवसर नाही म्हणतेय,
म्हणजे संधीच नाही बिचारीला.
भरमा म्हणाला, तसं न्हवं,
मातीला घाई नसती, असं म्हणतीया ती.
परतीच्या वाटेवर मी
तो एक शब्द दोन्हींकडनं उलटून बघत राहिले,
मांडीवर समृद्धी झोपलेली,
पायाशी डालड्याच्या डब्यात
दोन किलो माती.

पंधरा दिवसांनी गेलो तर
घुबड भट्टीतनं तडकून निघालेलं.
कपाळापासून चोचीपर्यंत,
एक डोळा अर्धा.
निंगू रडला नाही. मागं स्कूटरवर बसून
देसूर येईपर्यंत बोललाही नाही.
मी वाकळेला ठिगळ लावते तसं
फेविकॉल लावू म्हटलं.
नको म्हणाला. मग काय हवं, तेही सांगेना.

सोमवारी भरमानं ते डब्याच्या पिशवीत घालून नेलं.
जेवणाच्या सुट्टीत वाळूत दाबलं,
आणि पाळी संपताना
लाडलीत उरलेला रस
त्या पोकळीत सोडला.
विचारलं कोणी तर काय सांगणार होता?
कोणी विचारलं नाही, एवढंच.

पावणेतीन किलोचं लोखंडी घुबड
त्यानं ओट्यावर ठेवलं,
तडा तसाच, भुवईसकट.
समृद्धीनं उचलायचा प्रयत्न केला.
निंगूनं बराच वेळ बोटानं
तो तडा वरनं खाली चाचपला
आणि म्हणाला,
आता ह्याचं काहीच बदलता येणार नाही, होय?
भरमा हात धूत होता.
साबण दोनदा लावला त्यानं.

फळीला ते पेलेना.
म्हणून आता दार अडवायला ठेवलंय,
आमच्या घरातली पहिली कामाची वस्तू.
शेजारची गंगव्वा येता-जाता
त्याला पायानं थोडं सरकवते,
इदेनु? विचारते रोज,
आणि रोज आत येते.

मोरीखाली डबा आहे.
सकाळी डबे भरायच्या आधी
मी मातीवरच्या फडक्यावर पाणी शिंपडते.
कालपासून तिच्यावर
लहान बोटांचे ठसे आहेत.
कोणाचे, विचारलं नाही.
फडकं परत झाकलं.