दुसरी बाजू

बकारामच्या पानठेल्यावर सकाळपासून एकच वाद:
डोमाजीशिवाय ही दंडार, दंडार आहे का?

नवी कॅसेट. खोक्यावर पार्टीचं तेच नाव, तोच ढोलकीवाला,
आवाज मात्र फागोचा,
नदीपल्याडच्या पोराचा.

"गळा गोड हाये," ताराचंद म्हणतो.
"गोडच तं हाये! डोमाजीचा कसा,
धानाच्या कुसळावानी टोचे."
"मंग आयकू नोको."
"चारदा आयकलं, म्हून तं बोलून रायलो."

खर्रा घोटता घोटता बकाराम निकाल देतो:
पहिली बाजू फेका,
दुसरीवरचं तिसरं तेवढं ठेवा.
"अन् त्यात अडखळते, थे?"
अडखळत नाही.
डोमाजी जिथं दम घ्यायचा
तिथं पोरगा थांबतो,
छातीत दम असूनही.

बाकड्याच्या टोकाला डोमाजी बसलेला.
गळ्याला रुमाल. नागपूरच्या ऑपरेशनपासून
बोलणं बोटांनीच.
सगळे त्याच्याकडे बघतात,
मग लगेच रस्त्याकडे, जिथं काहीच नाही.

दुसरी बाजू संपते. खट्ट.
डोमाजी तर्जनी हवेत फिरवतो:
उलटव.