च

आमच्या तलावाच्या पाळीवर, मोहाखाली
एक दगड होता.
गुडघ्याएवढा, एका अंगानं घासलेला.
बेस्तरवारी सुभानभाईची सासू तिथं ऊद लावायची,
शनिवारी कापगत्यांच्या सुना तेल वाहायच्या,
धान निघालं की जंगलू मडावी
काखेत कोंबडा घेऊन यायचा.
माझा बाप डोमा, तलावाचा पाणकर,
त्यावर जाळं वाळत घालायचा.

डोमा, हा पीर होय ना?
बाप म्हणे, असन बाप्पा.
मारुती होय ना?
असन.
आमचा पेन होय, जंगलू म्हणे.
तोही असन.

मला राग यायचा. शाळेत मी
चूक की बरोबर, एकावर खूण करायला शिकत होते.
आणि हा माणूस गळाभर पाण्यात उतरून तुडूम उघडायचा,
कोणाच्या बांधीत किती पाणी जाईल विचारलं
तर तेही असं सांगायचा:
हातभर. असन.

मग एका उन्हाळ्यात दोन पाट्या आल्या.
एक भगवी, एक हिरवी.
रंगवणारा मात्र एक, साकोलीचा,
दोन्हीकडं त्याच्या हाताचं तेच वळण:
हा मारुतीच.
हा पीरच.
त्यानं मजुरी अक्षरामागं घेतली,
म्हणजे त्या च चे
दोन्हीकडून पाच-पाच रुपये.

एवढंसं अक्षर.
उभा दांडा, त्याला विळ्याचं पोट.
म्हणताना जीभ दातांमागं आडवी होते
आणि दार लावून घेते.

आश्विनात रस्त्यावर तीन दिवस
सुभानभाईच्या दुकानातल्या बांगड्यांची काच होती.
कापगत्यांच्या धाकट्याचा डावा डोळा गेला.
जंगलूला कोणत्या पाटीनं विचारलं नाही,
तो कोंबडा घेऊन अर्ध्या वाटेतून परतला.
पाळीवर पोलीस बसले, तुडुमाकडं जायला बंदी.
तलाव काठोकाठ,
आणि खाली पोटरीतलं धान उभ्या उभ्या वाळलं,
इकडच्या बांधीत, तिकडच्याही.

बाप ओट्यावर बसून विचारत राहिला,
टोमणा म्हणून नाही, खरंखुरं:
यायले कसं कळलं?
मले तं चाळीस वर्षं नाही कळलं.

मी तेव्हा नागपुरात शिकत होते.
फोनवर म्हणाले, बाबा, चूक त्यांचीच आहे.
कोणाची?
मी नाव घेतलं.
त्या वेळी तो असन म्हणाला नाही.
बराच वेळ फोनमध्ये
बेडकांचा आवाज येत राहिला.

दगड आता ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे,
मोडक्या सायकली आणि मोहाच्या दारूचे डबे यांच्या मधे.
बाप गेल्यावर एका दाखल्यासाठी गेले होते,
तेव्हा दिसला. सुतळीनं बांधलेली चिठ्ठी:
दगड, नग एक. वजन अंदाजे चाळीस किलो.

अंदाजे.

कुण्या हवालदारानं लिहिलंय कोण जाणे.
घासलेल्या अंगावरून मी हात फिरवला.
बोटांना काहीतरी चिकट लागलं.
तेल असन.
नाहीतर मासोळी.