वीतभर मळ

तिकीट वीस रुपये, साठीच्या पुढे दहा.
खिडकीतल्या पोरानं एकदा वर बघितलं
आणि न विचारता दहाचं फाडलं.

ही जुनी कचेरी. आता इथे चित्रं लावतात.
ग्वाल्हेरचा दगड असा घासलाय
की किल्ल्यानं वरून बघून ओळखू नये.
चुन्यात गूळ, मेथी, उडदाची डाळ घातली म्हणे,
फलकावर लिहिलंय, हिंदीत आणि इंग्रजीत.
मला वाटलं, भिंतीचं बाळंतपण केलं की काय.

पहिलं दालन : चंबळेच्या घळी, उंट, संध्याकाळ.
दुसऱ्यात निळा रंग फार.
लोक मागे सरकून, मान कलती करून बघत होते.
मी खांब मोजत होते.

पाचव्याशी भाऊ बसायचे.
बळवंत सखाराम इंदापूरकर, अर्जनवीस,
परवाना क्रमांक एक्केचाळीस.
पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीवर दौत.
घरी मराठीत गप्प.
इथे दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी, हिंदीत :
'सविनय निवेदन है कि'
कुणाची विहीर, कुणाची म्हैस,
कुणाची माहेराहून न परतलेली बायको.
स्वतःसाठी एकच अर्ज लिहिला,
पावसाळ्यात आतल्या बाजूला बसू द्यावं म्हणून.
तो अजून कुठल्या तरी फायलीत
मंजुरीच्या वाटेवर असेल.

टाक अडला की झटकायचे.
झटकून भागलं नाही की खांबाला पुसायचे.
डबा घेऊन आलेली मी बघत राहायचे,
निळ्या-काळ्या शेपट्या, एकीवर एक,
जणू दगडातून सरडे पळतायत.

पाचवा खांब आता पिवळाधमक.
हात लावला.
'माताजी, टच मत कीजिए.'
म्हटलं, यहाँ मेरे पिताजी बैठते थे.
'यहाँ?' गार्ड म्हणाला, 'यहाँ तो पेंटिंग टँगती है.'

मागच्या अंगाला वळले, तेव्हा
गुडघ्याच्या जरा वर, काचेखाली,
एक वीत दगड. न धुता ठेवलेला.
पितळी पट्टीवर : सफ़ाई से पूर्व की स्थिति.
धूर, पानाची पिंक, टेकलेल्या डोक्यांचं तेल,
आणि उजव्या कोपऱ्यात
शेपटी. अर्धीच.

हनीफमियाँचीही असेल.
ते सहाव्याला बसायचे,
पण टाक पुसायला ह्याच खांबाकडे वळायचे.
भाऊ त्यावरून कधी बोलले नाहीत.

डॉक्टरनं खाली बसायला मनाई केली आहे.
बसले.
गार्ड धावत निघाला होता, मध्येच चालायला लागला.
जवळ येऊन तोही वाकला, काचेत बघितलं,
मग बराच वेळ.
'क्या लिखा है इसमें?'

मी मराठीतच बोलून गेले :
काही नाही रे,
टाक अडला होता.