व्हॉल्व्हच्या आधी

ससूनमध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी
फाइल मिटली आणि म्हणाले,
आधी दात.

मला हसू आलं. तीस वर्षं कात्रज–स्वारगेट
दातांत शिट्टी धरून काढली,
तोंडाला वास येतो म्हणून
कधी कुणी तिकीट नाकारलं नाही.

खालच्या मजल्यावर डॉक्टर ढमढेरे, नातीच्या वयाची.
काका, हिरड्यांतून रक्त कधीपासून?
मोजलं नव्हतं.
बेसिनात गुलाबी थुंकायचं, वर नळ सोडायचा,
संपलं.

तिथं संपत नाही ते, ती म्हणाली,
इथलं खाली उतरतं.
आणि हातमोज्याचं बोट
माझ्या शर्टाच्या खिशापाशी नेलं,
जिथं पूर्वी सुट्टे खुळखुळायचे.

तीन दाढा गेल्या. मिश्रीची डबी
हौसानं न बोलता कचऱ्यात टाकली,
स्वतःचीही.

आता रात्री धनकवडीच्या खोलीत
दिवा घालवण्याआधी
सावकाश ब्रश फिरवतो, पार मागपर्यंत,
शेवटच्या फेरीनंतर
रिकाम्या गाडीत जसा
एकेका सीटखाली वाकायचो,
कुणाचं काही राहिलंय का.

ऑपरेशनची तारीख अजून नाही.
थुंकी मात्र, आज सहावा दिवस,
पांढरी.